स्पूल की लॉकर : पवनमावळातील वाटा आणि मागील ॲक्सलची निवड

कामशेतहून बेडसे लेण्यांच्या बाजूने पवनानगरकडे येणारा रस्ता डांबरी आहे. पवनानगर मागे टाकून तिकोनापेठेकडे, लोहगडवाडीकडे किंवा जलाशयाच्या काठाकाठाने जाऊ लागले, की डांबर केव्हा संपते आणि मुरमाची वाट केव्हा सुरू होते हे प्रवाशाच्या ध्यानात येण्यापूर्वी चाकांना कळते. लोणावळ्याच्या आसपास वर्षाकाठी सुमारे चार हजार मिलिमीटर पाऊस पडतो. त्या दिवसांत एकाच फेरीमध्ये ओले डांबर, गुळगुळीत झालेला काळा दगड, भिजलेला मुरूम आणि भातखाचरांच्या बांधालगतचा गुडघाभर चिखल, अशा चार तऱ्हांच्या पृष्ठभागांवरून गाडीस जावे लागते. आडवाटेने जाणाऱ्या जीप-वर्गातील गाडीच्या वा हलक्या ट्रकच्या मागील ॲक्सलमध्ये स्पूल बसवावा की लॉकर, हा प्रश्न सामान्यतः केवळ मजबुतीचा वा किमतीचा समजला जातो. वस्तुतः तो प्रथम या वाटांचा प्रश्न आहे, असे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

आरंभी डिफरन्शियलचे कार्य स्पष्ट करणे अगत्याचे आहे. गाडी वळते तेव्हा बाहेरील चाकास आतील चाकापेक्षा अधिक अंतर कापावे लागते. हे अधिक अंतर वळणाच्या त्रिज्येवर अवलंबून असते असा अनेकांचा समज असतो. तो बरोबर नाही. वळणाची त्रिज्या R, दोन चाकांमधील रुंदी t आणि वळणाचा कोन θ धरल्यास आतील चाक θ(R − t/२) इतके व बाहेरील चाक θ(R + t/२) इतके अंतर कापते. दोहोंतील फरक θt एवढाच उरतो. त्यातून R नाहीसा होतो. म्हणजे अर्धवर्तुळाकार वळण कितीही ऐसपैस असो वा कितीही अरुंद असो, दीड मीटर रुंदीच्या गाडीच्या दोन चाकांमध्ये ४.७१ मीटरांचा फरक पडणारच. ७६ सेंटिमीटर व्यासाच्या टायरचा परीघ सुमारे २.३९ मीटर भरतो. तेव्हा प्रत्येक अर्धवळणात बाहेरील चाकाने आतील चाकापेक्षा जवळजवळ दोन फेरे अधिक घेतले पाहिजेत. शिवाय एक डावे वळण व एक उजवे वळण मिळून गाडीची दिशा पूर्ववत होते, पण हे फेरे परस्परांत वजा होत नाहीत. घाटात जितकी वळणे, तितक्या वेळा हा हिशेब नव्याने चुकता करावा लागतो.

फ्रेंच यंत्रज्ञ ओनेसिफोर पेकर याने एकोणिसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात आपल्या वाफेच्या गाडीसाठी जी दंतचक्ररचना योजिली, ती हा हिशेब विनातक्रार चुकता करते. क्राऊन-पिनियनकडून आलेली गती डिफरन्शियलच्या पेटीस मिळते; पेटीतील लहान स्पायडर चक्रे दोन्ही बाजूंच्या चक्रांना समान टॉर्क देतात, मात्र त्यांच्या वेगांत फरक पडू देतात. या समान टॉर्कमध्येच त्या रचनेचा दोष दडलेला आहे. जे चाक कमी टॉर्क पेलू शकते, त्याच्या मर्यादेवर दुसऱ्याचीही मर्यादा ठरते.

हे आकड्यांनी पाहू. १,८०० किलोग्रॅम वजनाच्या गाडीचे निम्मे वजन मागील ॲक्सलवर, म्हणजे प्रत्येक मागील चाकावर ४५० किलोग्रॅम आहे असे धरावे. एक चाक चिखलात असून तेथील घर्षणांक ०.२ आहे, दुसरे घट्ट मुरमावर असून तेथील घर्षणांक ०.६ आहे. साध्या डिफरन्शियलने मिळणारा एकूण ओढ २ × ०.२ × ४५० × ९.८१, म्हणजे सुमारे १,७६६ न्यूटन. दोन्ही चाके एकमेकांस जखडली असता तो (०.२ + ०.६) × ४५० × ९.८१, म्हणजे ३,५३२ न्यूटन, बरोबर दुप्पट. रोलिंगचा विरोध आणि चढावर होणारी वजनाची मागे-पुढे सरक बाजूस ठेवल्यास, पहिली गाडी केवळ मागील चाकांच्या बळावर दहास एक चढावर अडते, तर दुसरी पाचास एक चढ चढू शकते. एक चाक हवेत उचलले गेले तर साध्या डिफरन्शियलचा ओढ शून्यावर येतो. चांगले इंजिन असलेली जीप एका दगडावर अडकून एक चाक गरगर फिरवीत उभी राहते, ती यामुळेच.

स्पूल आणि लॉकर हे दोन्ही या दोषावरील उपाय होत. स्पूल म्हणजे एक भरीव नळकांडे. डिफरन्शियलची पेटी, स्पायडर चक्रे आणि त्यांची पिन हे सर्व काढून टाकून त्यांच्या जागी ते क्राऊनला बोल्टांनी जोडतात, आणि दोन्ही हाफ-शाफ्ट त्यातच अडकवितात. त्यात हलणारा भाग एकही नसतो. म्हणून मोडण्यासारखेही फारसे काही नसते. त्याचाच गरीब भाऊ म्हणजे जुन्या जीपच्या स्पायडर चक्रांना वेल्डिंग करून एकजीव केलेले डिफरन्शियल. कामाच्या दृष्टीने दोहोंत भेद नाही. मात्र कठीण केलेल्या पोलादावरील वेल्डला तडा गेल्यास तुटलेला दात तेलाबरोबर क्राऊनमध्ये जातो आणि मग सगळाच ॲक्सल उघडावा लागतो.

लॉकरचे प्रकार अनेक असले तरी येथे दोनच विचारात घेणे पुरेसे आहे. पहिला प्रकार चालकाच्या इच्छेनुसार लागणारा. त्यात साधे डिफरन्शियल जसेच्या तसे असते. फक्त एका बाजूच्या चक्रास पेटीशी जखडणारी दात्यांची कडी हवेच्या दाबाने, विजेने किंवा तारेने सरकविता येते. एकच बाजू जखडून दोन्ही चाके कशी जखडली जातात, असा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात. एका बाजूचे चक्र पेटीबरोबर फिरू लागले, की स्पायडर चक्रांना स्वतःभोवती फिरण्यास वाव राहत नाही. ती फिरत नाहीत म्हणून दुसऱ्या बाजूचे चक्रही पेटीच्याच वेगाने फिरते. यावरून हेही उघड होते, की दुसऱ्या बाजूचा सर्व टॉर्क अशा वेळी स्पायडर चक्रांच्या दातांतून आणि त्यांच्या पिनमधून जातो. स्पूल लॉकरपेक्षा मजबूत असतो असे म्हणतात, त्याचे मर्म येथे आहे. ऑस्ट्रेलियातील एआरबी या कंपनीने १९८७ साली एक स्थानिक रचना विकत घेऊन प्रसारात आणलेला हवेचा लॉकर या जातीचा होय.

दुसरा प्रकार आपोआप लागणारा. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून वापरात आलेला खटक्याचा लॉकर हा त्याचा जुना नमुना. जनरल मोटर्सच्या ट्रकांत १९७३ पासून ईटन कंपनीचा जो लॉकर बसू लागला, त्यात गोफणीप्रमाणे उघडणाऱ्या वजनांचा उपयोग केलेला आहे. दोन चाकांच्या वेगांत मिनिटास सुमारे शंभर फेऱ्यांचा फरक पडला की तो लागतो, आणि गाडीचा वेग ताशी तीसएक किलोमीटरांच्या वर असल्यास तो लागतच नाही. नाशिक येथे तयार होणाऱ्या महिंद्र थारच्या मागील ॲक्सलमध्ये २०१५ पासून याच तत्त्वावरील लॉकर येऊ लागला. आकुर्डीच्या फोर्स मोटर्सच्या गुरखा गाडीत मात्र पुढील व मागील दोन्ही ॲक्सलांना चालकाने स्वतंत्रपणे लावावयाचे लॉक कारखान्यातूनच असतात. महाराष्ट्राशी निकटचा संबंध असलेल्या दोन निर्मात्यांनी एकाच प्रश्नाची अशी दोन भिन्न उत्तरे दिली, ही गोष्ट अभ्यासकांनी लक्षात घेण्यासारखी आहे. त्यांपैकी कोणीही स्पूल दिला नाही, हेही तितकेच लक्षणीय होय.

आता मूळ मुद्द्याकडे वळावयास हरकत नाही. ओढीच्या दृष्टीने लागलेला लॉकर आणि स्पूल यांच्यात कणभरही अंतर नाही. चिखलातील ३,५३२ न्यूटन दोघेही सारखेच देतात. अंतर आहे ते लॉकची गरज नसताना. लॉकर सोडता येतो. स्पूल सुटत नाही. तेव्हा प्रत्येक अर्धवळणात चुकते व्हावयाचे ते ४.७१ मीटर कोठे जातात, याचा शोध घेणे हाच या निवडीचा गाभा आहे.

स्पूल बसविलेल्या गाडीत ते टायर आणि रस्ता यांच्यामधील घसरणीत जातात. आतील चाक हवे त्यापेक्षा वेगाने फिरून पुढे ढकलते. बाहेरील चाक हवे त्यापेक्षा हळू फिरून ब्रेक लावल्याप्रमाणे मागे ओढते. १५ मीटर त्रिज्येच्या वळणावर प्रत्येक चाकाची घसरण ०.७५ भागिले १५, म्हणजे पाच टक्के. ८ मीटरांच्या वळणावर ती नऊ टक्क्यांच्याही वर जाते. रबरी टायरची पकड साधारणतः दहा ते पंधरा टक्के घसरणीच्या सुमारास कमाल होते. म्हणजे घाटातील अरुंद वळणावर स्पूलची दोन्ही चाके आपली बहुतेक सर्व पकड एकमेकांशी झगडण्यात खर्च करीत असतात. उलट, शंभर मीटर त्रिज्येच्या सौम्य वळणावर घसरण पाऊण टक्काच असते; म्हणून द्रुतगती मार्गावर स्पूलची गाडी सरळ व निरुपद्रवी भासते आणि तिच्या मालकाची फसगत होते.

या झगड्याची कमाल मर्यादा काढणे कठीण नाही. कोरड्या डांबरावर घर्षणांक ०.८ धरला तर प्रत्येक मागील चाक सुमारे ३,५३२ न्यूटन इतके बल परस्परविरुद्ध दिशांना लावील. दीड मीटर रुंदीवर त्यांचे वळणविरोधी परिबल ५,२९७ न्यूटन-मीटर भरते. पुढील व मागील ॲक्सलांमध्ये २.४ मीटर अंतर असल्यास हे परिबल तोलून धरण्यासाठी पुढील चाकांना सुमारे २,२०७ न्यूटनांचे आडवे बल अधिक द्यावे लागेल. पुढील चाकांची एकूण कुवत ७,०६३ न्यूटन आहे. म्हणजे गाडी वळविण्याच्या सामर्थ्याचा ३१ टक्के हिस्सा केवळ स्वतःच्याच मागील ॲक्सलशी लढण्यात जातो. या गुणोत्तरातून घर्षणांक निघून जातो, ही गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. दोन्ही ॲक्सलांवर समान वजन असल्यास ते केवळ रुंदी भागिले ॲक्सलांतील अंतराची दुप्पट एवढेच राहते. पावसात रस्ता निसरडा झाला म्हणजे स्पूलचा विरोधही कमी होईल आणि हिशेब जमेल, अशी कोणी समजूत करून घेतल्यास ती चुकीची ठरेल. विरोध कमी होतो तसे पुढील चाकांचे सामर्थ्यही त्याच प्रमाणात कमी होते.

ओल्या रस्त्यावर याहून मोठा धोका मागील चाकांचा असतो. टायरची पकड ही एकच शिदोरी आहे; ती लांबीच्या दिशेने खर्च झाली की आडव्या दिशेसाठी थोडीच उरते. स्पूलची मागील चाके वळणावर लांबीच्या दिशेने आधीच घसरत असतात. चालकाला प्रथम गाडी वळत नाही असे वाटते, तो स्टिअरिंग अधिक फिरवितो. एवढ्यात पाय ॲक्सलरेटरवरून निघाला वा रस्त्यावर वाहून आलेली माती लागली, तर मागील बाजू एकदम बाहेर फेकली जाते. पावसाळी सुटीच्या दिवशी लोहगडाकडे वळणाऱ्या घाटरस्त्यावर एका बाजूस दरी व दुसऱ्या बाजूस पायी चालणारे पर्यटक असतात. अशा ठिकाणी हा क्रम केवळ टायरच्या झिजेचा प्रश्न राहत नाही.

स्पूलच्या मजबुतीचाही येथे फेरविचार करावयास हवा. दगडावर एक चाक उचलले गेले आणि मागील ॲक्सलवरील वाढलेले सारे वजन, समजा १,२०० किलोग्रॅम, दुसऱ्या चाकावर आले, तर ०.९ घर्षणांकाच्या कोरड्या दगडावर ३८ सेंटिमीटर त्रिज्येचे ते चाक सुमारे ४,०२६ न्यूटन-मीटर टॉर्क पेलते. हा सर्व टॉर्क एकट्या हाफ-शाफ्टमधून जातो. ३२ मिलिमीटर व्यासाच्या शाफ्टमध्ये त्यायोगे सुमारे ६२६ मेगापास्कल कर्तन प्रतिबल निर्माण होते. तोच शाफ्ट ३५ मिलिमीटरांचा केल्यास ते ४७८ वर येते, कारण प्रतिबल व्यासाच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. इथवर स्पूल आणि लागलेला लॉकर यांची स्थिती सारखीच आहे. स्पूल स्वतः मोडणार नाही हे खरे; परंतु त्यामुळे शाफ्ट वाचतो असे नाही. लॉकर किंवा स्पूल बसविण्यापूर्वी शाफ्टचा विचार करावा, ही अनुभवी कारागिरांची शिकवण या आकड्यांशी जुळणारी आहे.

फरक पडतो तो गाडी घरी परतताना. कोरड्या डांबरावरील प्रत्येक तीव्र वळणात स्पूल दोन्ही हाफ-शाफ्टना परस्परविरुद्ध पीळ देतो. वरील गाडीत तो कमाल १,३४२ न्यूटन-मीटर, म्हणजे ३२ मिलिमीटर शाफ्टमध्ये सुमारे २०९ मेगापास्कल इतका असतो. डावे वळण आले की एका दिशेस, उजवे आले की उलट दिशेस. एका वेळचा हा भार शाफ्ट सहज सहन करील. पण धातूंचा शिणवटा एका भारावर अवलंबून नसतो. भाराच्या उलटसुलट आवर्तनांवर, आणि स्प्लाइनच्या मुळाशी होणाऱ्या प्रतिबलाच्या एकवटण्यावर अवलंबून असतो. लॉकरच्या शाफ्टने आयुष्यातील मोठे पीळ फक्त अडथळ्यांवर सोसलेले असतात. स्पूलच्या शाफ्टने ते बाजारहाट करतानाही सोसलेले असतात. स्पूल हा ॲक्सलमधील सर्वांत बळकट भाग असतो, पण ते बळ तो शेजारच्या शाफ्टच्या आयुष्यातून उसने घेतो. म्हणूनच असा शाफ्ट पुढे एखाद्या किरकोळ चढावर तुटतो, आणि दोष त्या चढाला दिला जातो.

सरळ रस्त्यावरही स्पूल अगदी निर्दोष नसतो. दोन टायरांच्या परिणामी त्रिज्येत हवेच्या दाबामुळे वा झिजेमुळे एक टक्क्याचा फरक असला, तर दर किलोमीटरमागे दहा मीटर घसरण कोठेतरी सामावून घ्यावी लागते. एकाच बाजूचा नवा टायर टाकण्याची काटकसर स्पूलच्या गाडीस परवडत नाही.

पवनमावळापासून जवळच, खंडाळ्याच्या घाटात, दोन चाके एका आसाशी कायमची जखडल्याचे जुने उदाहरण रोज पाहावयास मिळते. १८६३ साली वाहतुकीस खुल्या झालेल्या बोरघाटाच्या लोहमार्गावरील प्रत्येक डब्याची चाके आसावर घट्ट बसविलेली असतात. ती एका अर्थी स्पूलच होत. तेथे भागते ते चाकांचा पृष्ठभाग किंचित शंकूसारखा असल्यामुळे. वळणावर चाकांची जोडी बाहेर सरकते, बाहेरील चाक मोठ्या व्यासावर व आतील लहान व्यासावर चालू लागते, आणि अंतराचा फरक भरून निघतो. वळण फार तीव्र असले की ही सोयही अपुरी पडते आणि चाके किंचाळतात. मोटारीच्या टायरला असा शंकू नाही.

या तत्त्वाचे दुसरे, अधिक घरगुती शिक्षण मावळातील भातखाचरांत मिळते. चिखलणीच्या वेळी ट्रॅक्टरचे एक चाक रुतले की चालक टाचेजवळचे डिफरन्शियल लॉकचे पेडल दाबतो. खाचराच्या टोकाशी वळावयाचे झाले की पाय उचलतो, आणि स्प्रिंगच्या जोरावर लॉक सुटतो. वळताना लॉक सुटला नाही तर ट्रॅक्टर बांधाकडे सरळ जातो, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. ट्रॅक्टर बनविणाऱ्यांनी पेडल असे ठेवले, की पाय उचलल्यावर ते आपोआप सुटावे. स्पूल म्हणजे तेच पेडल खिळा ठोकून कायमचे दाबून ठेवणे होय.

तथापि स्पूल सर्वत्र त्याज्य आहे, असा निष्कर्ष काढणे एकांगीपणाचे होईल. जी गाडी स्पर्धेच्या जागी दुसऱ्या ट्रकवरून नेली जाते आणि तशीच परत आणली जाते, तिच्याबाबतीत शाफ्टच्या शिणवट्याचा व घाटातील वळणांचा वरील सर्व हिशेब बराचसा गळून पडतो. गोव्यात २०१४ पासून पावसाळ्यात भरणाऱ्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या स्पर्धांत जमीन इतकी मऊ असते, की घसरणीचे ४.७१ मीटर चिखलच मुकाट्याने सोसतो. २००७ पासून भरणाऱ्या बाहा एसएईइंडिया स्पर्धेसाठी अभियांत्रिकी महाविद्यालयांतील विद्यार्थी ज्या हलक्या गाड्या बनवितात, त्यांतही मागील ॲक्सल जखडलेला ठेवण्याची पद्धत बरीच रूढ आहे. वजन वाचते, भाग कमी होतात. मात्र त्या गाड्यांची रुंदी आणि ॲक्सलांतील अंतर जवळजवळ सारखे असल्याने वर काढलेले गुणोत्तर ३१ वरून ४५ टक्क्यांच्या आसपास जाते. त्यामुळे वळताना मागील आतील चाक जमिनीवरून उचलले जाईल अशा रीतीने निलंबन-रचना साधावी लागते. गो-कार्टमध्ये हेच काम पुढील स्टिअरिंगच्या कलत्या खुंट्या करतात. चाक उचलले गेले की भांडावयास दुसरे चाकच उरत नाही. दोन टनांच्या उंच ट्रकमध्ये मात्र हा मार्ग कोणी अवलंबू नये, हे सांगावयास नको.

पुढील ॲक्सलविषयी थोडक्यात एवढेच, की मोकळे होणारे हब नसलेल्या गाडीत तेथे स्पूल बसविणे म्हणजे स्टिअरिंगच गमावणे होय.

राहता राहिला प्रश्न दोन प्रकारच्या लॉकरांमधील निवडीचा. आपोआप लागणारा लॉकर चालकाकडून काही मागत नाही, हा त्याचा गुण आणि हाच त्याचा दोष. खटक्याच्या जुन्या प्रकारात, ॲक्सलरेटर दाबून वळताना बाहेरील चाक मोकळे सुटते आणि सारा भार आतील चाकावर येतो. पाय काढताच तो एकदम दुसरीकडे जातो. निसरड्या घाटात या झटक्यांची सवय नसलेला चालक घाबरतो. वेगाची मर्यादा पाळणारा ईटनच्या धर्तीचा लॉकर या बाबतीत सौम्य आहे. पण तो लागण्यापूर्वी चाक थोडे गरगरावेच लागते, आणि भिजलेल्या मुरमात तेवढ्यात खड्डा पडतो. चालकाने लावावयाचा लॉकर चढ सुरू होण्यापूर्वीच लावून ठेवता येतो. त्याची दुबळी बाजू त्याच्या नळीत, वायसरात व स्विचमध्ये असते. हवेच्या नळीला फांदी लागून भोक पडले किंवा वायसरातून तेल हवेच्या वाटेने आले, तर लॉक ऐन वेळी लागत नाही. पण बिघाडाचा परिणामही पाहावयास हवा. दाब गेला की लॉक सुटतो आणि गाडी साध्या डिफरन्शियलची गाडी बनते. ती चिखलात अडेल, घाटात उलटणार नाही. २०२४ च्या थार रॉक्समध्ये महिंद्रने मागील ॲक्सलसाठी विजेवर चालणारा लॉक दिला, यावरून निर्मात्यांचा कलही त्या दिशेस असल्याचे दिसते.

कायद्याची बाजूही विसरता कामा नये. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ ने वाहनात मूळ तपशिलाशी विसंगत फेरबदल करण्यावर मर्यादा घातल्या आहेत. कारखान्यातून लॉकसह आलेल्या गाडीचा प्रश्न येथे मुळातच उद्भवत नाही. ॲक्सल उघडून त्यात स्पूल बसवू पाहणाऱ्याने मात्र प्रथम परिवहन कार्यालय व विमा कंपनी यांच्याकडे चौकशी करावी.

तेव्हा पवनानगरहून निघून तुंगच्या पायथ्याचा चिखल तुडवून संध्याकाळी स्वतःच्याच चाकांवर कामशेतला उतरणाऱ्या गाडीस मागील ॲक्सलमध्ये चालकाने लावावयाचा लॉकर आणि शक्य असल्यास एक माप जाड हाफ-शाफ्ट, हीच रास्त निवड ठरते. खर्च दोहोंपैकी एकाचाच झेपत असेल, तर आधी शाफ्ट घ्यावेत. साध्या डिफरन्शियलमध्येही ते वाया जात नाहीत, आणि पुढे लॉकर आल्यावर त्यांचीच कसोटी लागते.